जुन्या कमांडरचा मागचा गोळा: बदलण्याआधी दात मोजा

राळेगाव तालुक्यातल्या एका कास्तकार भाऊंचा प्रश्न असा. त्यांच्याकडे १९९८ ची महिंद्राची डिझेल कमांडर जीप आहे, टू-व्हील ड्राइव्ह. चाळीसच्या पुढे गेली की मागून रडल्यासारखा आवाज येतो, ॲक्सिलरेटर सोडला की तो बराच कमी होतो. गोळ्याच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या डिफ्रन्शियलच्या, पुढच्या तोंडातून तेल गळतं. गावचा मिस्त्री म्हणतो, पूर्ण गोळा बदला. नागपूरला एका भंगारवाल्याकडे मार्शलचा गोळा मिळतो आहे. तो बसेल का, घरी अंगणात बदलता येईल का, की नुसतं क्राऊन-पिनियन, म्हणजे आतल्या दातेरी चाकांची जोडी, नवं टाकावं?

भाऊ, तिन्हीची उत्तरं आधी देऊन टाकतो. मार्शलचा गोळा बसू शकतो, पण भंगारवाल्याच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः टेप लावून पाहा. पूर्ण हौजिंग (आतल्या सामानासकट अख्खा गोळा) बदलायचं असेल तर अंगणात जमतं, हाताशी तीन माणसं आणि एक अख्खा दिवस पाहिजे. नुसतं क्राऊन-पिनियन टाकणं मात्र अंगणातलं काम नाही. डायल गेज (बारीक फट मोजायचं घड्याळी माप) आणि धीर, दोन्ही असलेल्या मिस्त्रीकडेच ते द्यावं. असा मिस्त्री जवळ नसेल तर पूर्ण हौजिंगच बदला, तुमचा गावचा मिस्त्री बरोबर सांगतो आहे.

आता सविस्तर. देवळीहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं काम चालतं आणि तीस वर्षं बहुतेक याच गाड्या हाताखालून गेल्या: जीप, कमांडर, मार्शल, पुढे बोलेरो. पहिली भानगड शब्दाचीच आहे. आपल्याकडे गोळा म्हटलं की कोणी दोन्ही नळ्यांसकट अख्खं हौजिंग समजतो, कोणी आतला केस समजतो, कोणी क्राऊन-पिनियनची जोडी. फोनवर 'गोळा आहे का' विचारलं की समोरचा 'आहे' म्हणतो. तुम्ही भाड्याची गाडी करून नागपूर गाठता आणि तो हातात नुसता केस ठेवतो. म्हणून विचारताना असं विचारा: ड्रमपासून ड्रमपर्यंत पूर्ण हौजिंग, दोन्ही एक्सल आत, ब्रेक प्लेटा लागलेल्या, मागचं झाकण न उघडलेलं.

पण जाण्याआधी आवाज खरंच गोळ्याचा आहे का ते पाहा. मी निदान चार गाड्या अशा पाहिल्या की गोळा बदलला आणि आवाज तसाच राहिला, कारण तो टायरचा होता. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी घेतली आणि आवाजाचा सूर बदलला, तर टायर. मोकळ्या रस्त्यावर पन्नासला असताना स्टिअरिंग किंचित डावीकडे-उजवीकडे केलं आणि एका बाजूला आवाज वाढला, तर चाकाचं बेअरिंग. सरळ जाताना गप्प आणि वळणावरच कुरकुर, तर आतले छोटे गिअर, म्हणजे स्पायडर आणि त्यामागचे वॉशर. पहिल्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना 'खट्' होतं ते बहुतेक वेळा जॉइंटच्या, म्हणजे गिअर बॉक्सकडून गोळ्याकडे येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, क्रॉसचं असतं. क्रॉस स्वस्तात बदलतो, त्यासाठी गोळा उघडायची गरज नाही. आणि ओढताना रडणारा, पाय उचलला की गप्प होणारा आवाज, म्हणजे तुमचा, तो क्राऊन-पिनियनच्या दातांचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा.

त्यात तुम्ही पुढच्या तोंडातून तेल गळतं असंही सांगितलं. त्यावरून मला चित्र बरंचसं स्पष्ट दिसतं. जॉइंट सोडा, पिनियनचं कप्लिंग (जॉइंट जोडला जातो ते तोंड) दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, आत-बाहेर हलवा. तिथं काहीच हालचाल नको. बोटाला जरा जरी ढिलेपणा लागला तर पिनियनचं बेअरिंग गेलं. बेअरिंग ढिलं झालं की पिनियन जागेवर राहत नाही, ऑईल सीलचं ओठ रुंदावतं, तेल गळतं, आणि दात जिथं टेकायला पाहिजे तिथं न टेकता भलतीकडे घासतात. गळती आणि रडणं हे दोन वेगळे आजार नाहीत. म्हणून 'आधी सील टाकून पाहू' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सील टाकाल, नट जोरात आवळाल, आठ दिवस बरं वाटेल आणि उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपायच्या, आत पुन्हा गळायला लागेल.

मग मागचं झाकण उघडा. हे तुमच्याच गाडीचं करायचं, विकतच्या गोळ्याचं नंतर. दहा बोल्ट असतात. त्याआधी एक सवय लावून घ्या: तेल सोडण्याआधी भरायचा नट उघडून बघायचा. भरायचा नट गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधी सोडलं, तर कोरडा गोळा घेऊन गाडी हलवता येत नाही आणि भरताही येत नाही. आमच्याकडे एक पोट्टं कामाला होतं, त्यानं नेमकं हेच केलं. तो नट शेवटी वेल्डिंगनं दुसरा नट जोडून काढावा लागला.

तेल घमेल्यात घ्या आणि उन्हात धरा. राखाडी लापशीसारखा बारीक चुरा असेल तर घाबरायचं कारण नाही, इतक्या वर्षांत तेवढी झीज होतेच. नखाएवढे तुकडे, चकचकीत पापुद्रे असतील तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. आणि तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. आपल्या भागात हे फार होतं, आणि लोकांना वाटतं पाणी सीलमधून 'घुसलं'. ते ओढलं जातं. वीस-पंचवीस किलोमीटर चालून गोळा तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. रपट्यावरून वाहत्या पाण्यात गाडी उतरली की हौजिंग एकदम थंड होतं, आतली हवा आखडते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढते. हवेसाठी वर ब्रीदर दिलेला असतो. पण पांदणीतला काळा चिखल त्यावर बसून वाळला की तो दगडासारखा घट्ट. मग हवा सीलच्या फटीतून येते आणि सोबत नाल्याचं पाणी घेऊन येते. उन्हाळ्यात उलटं: ब्रीदर बंद, आत दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर पडतं आणि नळीतून थेट ब्रेकच्या लायनिंगवर. 'मागचे ब्रेक लागत नाहीत' म्हणून आलेल्या गाड्यांत मी आधी ब्रीदर बघतो. जमलं तर ब्रीदरच्या जागी रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वरपर्यंत नेऊन बांधा. एवढ्या कामात खर्च नळीचा आणि दोन क्लिपांचा.

झाकण उघडलं की क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले दिसतील. ते कागदावर लिहा. ८-४३ म्हणजे पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३, भागाकार ५.३८ च्या घरात. ८-३९ म्हणजे ४.८८, ९-४१ म्हणजे ४.५६, ११-४७ म्हणजे ४.२७. भागाकार जेवढा मोठा, तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी. जुन्या जीप जातीच्या गाड्यांत हे वेगवेगळे सेट फिरतात. एकाच कंपनीच्या, बाहेरून जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या दोन हौजिंगांत आतले दात वेगळे निघतात. त्यातून तुमची गाडी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. मधल्या मालकानं काय बदललं ते देव जाणे. म्हणून पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा कडेवर काय कोरलंय ते खरं.

भंगारवाला झाकण उघडू देत नसेल तर बाहेरून मोजता येतं. एक चाक (किंवा ड्रम) घट्ट अडकवा. पिनियनच्या कप्लिंगवर खडूनं खूण करा, मोकळ्या ड्रमवरही करा. मोकळा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवा आणि कप्लिंगचे फेरे मोजा. दोन फेरे का? एक बाजू अडलेली असताना डिफ्रन्शियल दुसऱ्या बाजूला दुप्पट फिरवतो, म्हणून ड्रमचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. कप्लिंग सव्वाचारच्या किंचित पुढे थांबलं तर ११-४७, साडेचारच्या पुढे तर ९-४१, पाचाला थोडं कमी तर ८-३९, पाच आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त तर ८-४३. हे करताना हाताला आतला खडखडाटही कळतो. ड्रम मध्येच अडकत असेल किंवा दाणेदार लागत असेल, तर तो गोळा तिथंच ठेवून चहा पिऊन परत या.

एक सांगतो, माझी स्वतःची चूक आहे. सुरुवातीच्या काळात एका फोर-बाय-फोर जीपला मी दुसऱ्या जीपचं मागचं हौजिंग टाकलं. माप जुळलं, बोल्ट जुळले, आवाज गेला, मालक खूश. दात मोजले नाहीत. पावसाळाभर वावरातल्या चिखलात गाडी छान चालली, कारण चिखलात चाकं घसरतात आणि पुढच्या-मागच्या फरकाचा हिशेब चिखलातच जिरतो. दिवाळीनंतर मालकानं पुढचा गिअर न काढता कोरड्या डांबरावर घेतली. पुढचा गोळा एका हिशेबानं फिरणार, मागचा दुसऱ्या, आणि दोघंही एकाच ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला, बांधलेले. गाडी उड्या मारायला लागली आणि लिव्हर काढू म्हटलं तर निघेना. शेवटी ट्रान्सफर केसच्या आतला गिअर गेला. त्याचे पैसे मी भरले. तुमची टू-व्हील आहे, हा धोका तुम्हाला नाही. पण कोणी वाचणाऱ्याची फोर-बाय-फोर असेल तर पुढचे आणि मागचे दात एकाच भागाकाराचे असल्याशिवाय पाना उचलू नका.

फोर-बाय-फोरवरून आठवलं. मार्शलचा म्हणून जो माल मिळतो तो खरंच टू-व्हीलचा आहे का हे बघा. जुन्या फोर-बाय-फोर जीपांत ट्रान्सफर केसचं मागचं तोंड एका बाजूला असतं, म्हणून मागचा गोळाही मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. टू-व्हीलचा मधोमध. तुमच्या गाडीला सरकलेला गोळा लावला तर बोल्ट सगळे बसतील, पण जॉइंट तिरका जाईल आणि क्रॉस वारंवार तुटतील. भंगारवाल्याच्या ढिगात उलटं पडलेलं हौजिंग पाहून हे कळत नाही. सरळ ठेवून दोन्ही नळ्या मोजायच्या.

टेपनं मोजायच्या गोष्टी फार नाहीत, पण एकही सोडायची नाही. ड्रमच्या बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंतची लांबी. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात त्या दोन गाद्यांच्या मधल्या भोकांमधलं अंतर. पिनियनच्या कप्लिंगचे बोल्ट किती आणि कोणत्या मापाचे, तुमच्या जॉइंटला जुळतात का. ड्रमचा व्यास आणि रुंदी. हँडब्रेकची केबल कुठं लागते, की लागतच नाही. गाद्यांचं अंतर दोन-चार सूत जरी कमी-जास्त असेल तर 'कापून वेल्डिंग करून देतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. गादी कापून पुन्हा लावताना पिनियनचं तोंड किती वर-खाली राहतं यावर जॉइंटचा सगळा कोन अवलंबून असतो, आणि तो डोळ्यानं लावलेला मी आजवर नीट पाहिला नाही. माप जुळत नसेल तर दुसरं हौजिंग शोधा. बिलही घ्या, त्यावर काय घेतलं ते नीट लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर पोलीस आधी तुमच्याच दारात उभे राहतील.

आता नुसतं क्राऊन-पिनियन का नको म्हणतो ते. या जातीच्या गोळ्यात पिनियन हौजिंगच्याच पोटात बसतो, बाहेर काढून टेबलावर जुळवता येत नाही. किती खोल बसवायचा हे शिमवर, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ चकत्यांवर, ठरतं. पिनियनच्या डोक्यावर बारीक आकडा कोरलेला असतो, अधिक किंवा उणे, हजारांश इंचात. प्रत्येक पिनियनचा वेगळा. नवा टाकताना जुन्या आणि नव्या आकड्यातला फरक शिममध्ये भरून काढायचा. मग बेअरिंगचा ताण, मग केसच्या दोन्ही बाजूंचे शिम, मग दातांमधली फट. ती ५ ते ९ थाव (इंचाचे हजारांश), म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागापासून पावभागापर्यंत, डायल गेजनं मोजायची. मग शेंदूर.

शेंदूर म्हणजे मारुतीला लावतात तोच जातीचा. पातळ तेलात कालवून क्राऊनच्या सात-आठ दातांवर ब्रशनं लावायचा, क्राऊनला जरा अडवून पिनियन फिरवायचा आणि दातांवर उमटलेला ठसा वाचायचा. ठसा दाताच्या बुडाशी उमटला तर पिनियन फार आत गेलाय, शिम कमी करा. दाताच्या शेंड्याशी उमटला तर बाहेर राहिलाय, शिम वाढवा. आतल्या अरुंद टोकाला सरकला तर क्राऊन पिनियनपासून लांब न्या, बाहेरच्या रुंद टोकाला गेला तर जवळ आणा. मधोमध, लंबगोल, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखा ठसा पाहिजे. प्रत्येक बदलाला बेअरिंग पुन्हा काढा, पुन्हा बसवा. माझा स्वतःचा अनुभव, एका गोळ्याला तीन ते पाच वेळा उघड-झाक होते. घाईत एकदाच बसवून 'चालेल' म्हणणारा मिस्त्री नव्या सेटला महिन्याभरात जुन्यासारखं रडवतो. शेंदरात शिसं असतं, हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. आमच्या उस्तादांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, तेव्हा कोणाला ठाऊकही नसावी.

कोणी म्हणेल, दात चांगले दिसताहेत, नुसती बेअरिंगं बदलू. मन धजावत नाही. ढिल्या बेअरिंगवर दात ज्या जागी घासून घासून बसले, ती जागा नवं बेअरिंग टाकलं की सुटते. कधी आवाज जातो, कधी आधीपेक्षा वाढतो. तुमच्या गाडीत दोन्ही लक्षणं आहेत, मी तो जुगार खेळणार नाही.

बरं, हौजिंग आणलं, माप जुळलं. घरी आणल्यावर गाडीखाली टाकायच्या आधी जमिनीवरच त्याची कामं उरका. झाकण उघडा, आत डिझेलनं धुवा, दात आणि बेअरिंग पाहा. पिनियनचं सील आणि दोन्ही नळ्यांची सीलं नवी टाका, आता दोनशे-चारशे वाचवलेत तर पुढे अख्खा दिवस जातो. सील काढताना पिनियनचा नट सोडावा लागतो, तेव्हा सोडण्याआधी नट आणि पिनियनच्या शेंड्यावर छिन्नीनं एक रेघ मारा आणि तेवढाच परत आवळा. तुमच्या गोळ्यात बेअरिंगचा ताण शिमवर असतो, त्यामुळे थोडं चुकलं तरी सावरता येतं. पण काही गाड्यांत तिथं चुरगळणारं स्पेसर असतं, जास्त आवळलं की ते चुरगळतं आणि बेअरिंगचा जीव जातो. दोन्हीला रेघ चालते, म्हणून रेघ मारायची सवय ठेवा. आत केसच्या दोन बेअरिंग कॅपा असतात, त्या सोडाव्या लागल्या तर डावी डावीकडेच आणि ज्या बाजूनं होती त्याच बाजूनं. त्या हौजिंगसोबत एकत्र कापलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. ब्रेक सिलेंडरच्या रबर कपाही आत्ताच बघा.

चाकामागे मोठा नट आणि चावी असलेला एक्सल असेल तर ड्रम हातोडीनं ठोकून काढू नका. त्याला हब पुलर लागतो. हातोडीचा मार एक्सलच्या आतल्या टोकापर्यंत जातो आणि तिथलं बेअरिंग बिघडवतो. या एक्सलमध्ये आत-बाहेर किती हलतं तेही शिमवर असतं, ते शिम कुठल्या बाजूचे होते ते बाजूला तारेत ओवून ठेवा.

आता गाडीखाली. मे महिन्यात हे काम काढत असाल तर पहाटे पाचला सुरू करा, अकराला थांबा. आपल्याकडे पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही, आणि अशा वेळी माणूस चुका करतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नाही, लाकडी पाचर लावा. हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. काही जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, जॉइंटवर असतो. जॉइंट सोडला की हँडब्रेक कितीही ओढा, चाकांना काही बांधलेलं राहत नाही आणि उतारावरची गाडी निघते. चेसिसला घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकीवर गाडीखाली शिरू नका. विटांवर तर मुळीच नको, वीट सूचना न देता फुटते.

क्रम असा ठेवा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. जॉइंट सोडण्याआधी दोन्ही कप्लिंगांवर खूण, म्हणजे परत त्याच जागी बसेल. क्रॉसच्या टोप्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सुया मातीत सांडतात आणि एकही हरवली तरी क्रॉस नवा. ब्रेकची रबरी नळी चेसिसपासून सोडा आणि तोंडाला लाकडी खुंटी मारा. शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक, हँडब्रेकच्या केबली. मग गोळ्याखाली जॅकी लावून वजन घ्या आणि तेव्हाच यू-बोल्ट सोडा. यू-बोल्टचे नट आदल्या रात्री डिझेल टाकून भिजवून ठेवले तर सकाळी शिव्या कमी पडतात. तुटले तर तुटू द्या, तसेही नवे घ्यायचेत. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा पूर्ण आवळला जात नाही. हौजिंग पाट्यांवरून एका बाजूला सरकवत काढायचं. एकानं जॅकीवर, दोघांनी दोन्ही टोकांवर.

नवं बसवताना सगळं उलट्या क्रमानं, फक्त एका जागी डोळ्यात तेल घाला. पाट्यांचा सेंटर बोल्ट असतो ना, त्याचं डोकं गादीच्या भोकात बरोबर शिरलं पाहिजे. ते कडेवर राहिलं आणि तुम्ही यू-बोल्ट आवळले, तर वरून सगळं ठीक दिसतं, पण हौजिंग थोडं तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. बोट घालून पाहा. मग यू-बोल्ट आळीपाळीनं, तिरक्या क्रमानं आवळा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक जण विसरतात.

तेल. गोळ्यात ९० नंबरचं, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं पाहिजे. उन्हाळ्यात ओझं वाहणाऱ्या गाडीला ८५डब्ल्यू-१४० चालतं. याला कारण आहे. या गोळ्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साध्या तेलाचा थर त्या घसरण्यात फाटतो. जीएल-५ मध्ये गंधकयुक्त रसायन असतं, ते दातांवर चिकटून राहतं. तो उग्र वास त्याचाच. हेच तेल उरलं म्हणून गिअर बॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गाडी सपाटीवर उभी करून भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत भरा. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, नळ्यांमध्ये तेल जायला वेळ लागतो.

ब्रेकची हवा काढायला मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. एक जण पेडल दाबणार, एक जण निपल सोडणार, आणि पेडल वर येण्याआधी निपल बंद. वाटीत बुडबुडे थांबेपर्यंत. ब्रेक ऑईलच्या जागी दुसरं कुठलंही तेल टाकू नका, रबर फुगतं आणि ब्रेक अडकतात. पहिली चाचणी घराच्या आवारात, वेग न घेता.

पहिले वीस किलोमीटर हळू चालवा, थांबून गोळ्याला हात लावून पाहा, दोन्ही हबना पण. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर तिथं गडबड आहे. जुन्या, चाललेल्या गोळ्याला एवढं पुरतं. क्राऊन-पिनियन नवं असतं तर पहिले पाचशे किलोमीटर ओझं नको आणि आठशेच्या आसपास तेल बदल, असं सांगितलं असतं.

आणि दात वेगळे निघाले तर मीटरचा हिशेब लक्षात असू द्या. या गाड्यांत मीटरची केबल गिअर बॉक्सच्या मागून चालते, गोळा काय आहे हे तिला कळत नाही. तुमचा ८-३९ होता आणि ११-४७ बसवलात, तर मीटर पन्नास दाखवत असताना गाडी खरी सत्तावन्नला असेल. घाटात हा फरक जाणवतो. उलट केलंत तर मीटर जास्त पळतो, गाडी कमी. आमच्या इथं एक भाऊ गोळा बदलल्यापासून 'ॲव्हरेज एकदम सुधारलं' म्हणून गावभर सांगत होते. मीटरवरचे किलोमीटरच चौदा टक्के फुगलेले होते, डिझेल तेवढंच जात होतं. मी सांगितलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले. ओढ कमी होणाऱ्या गोळ्यानं कापसाची पोती भरून जिनिंगच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी लागेल, हेही मोजून घ्या. ओझं रोजचं असेल तर मोठ्या भागाकाराचाच गोळा धरा, पळ गेला तरी चालतो.

जुना गोळा त्याच भंगारवाल्याला किलोनं देऊन येऊ नका. दोन्ही एक्सल, ड्रम, ब्रेक प्लेटा आणि स्पायडर शाबूत असतील तर काढून ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळा आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवा. या गाड्यांचे एक्सल आता वेळेवर मिळत नाहीत. दात मोजून झाले की आकडे कळवा, गाद्यांचं अंतरही. मग मार्शलचा तो माल घ्यायचा की नाही ते फोनवर ठरवू.